निवडणूक आली की माझी रायफल मालखान्यात: खेळाच्या बंदुकीला नियम किती आणि कशासाठी?

टिळकवाडीची_नेमबाज (धागाकर्ती)

१६ मार्च २०२४ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि चौथ्या दिवशी ठाण्यातून फोन आला, "मॅडम, गन जमा करा."

माझी गन म्हणजे .२२ची रायफल. एका वेळी एकच गोळी, तीही हातानं भरायची. बोल्ट लावायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि मग घोड्यावर बोट. मी ५० मीटर प्रोन खेळते, म्हणजे पालथं झोपून नेम धरायचा. रायफल एका ज्येष्ठ नेमबाजाकडून जुनी विकत घेतली. त्यासाठी आईनं दोन पाटल्या मोडल्या. परवाना मिळायला लागलेला वेळ मी इथं सांगत बसत नाही, ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे.

ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा वस्तूंच्या खोलीत, पेटीसकट ठेवायला जागा नव्हती. पेटी माझ्या हातात परत दिली, रायफल दोन दुनळी बंदुकांच्या शेजारी भिंतीला टेकवून उभी केली. डायप्टरला, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक छिद्राच्या दर्शकाला, धक्का लागू देऊ नका असं मी तिनदा सांगितलं. ४ जूनला निकाल लागला. रायफल माझ्या हातात आली १४ जूनला. ८६ दिवस! तोवर बेळगावचा पाऊस सुरू झाला होता. बोल्टवर गंजाचे ठिपके होते आणि डायप्टर ढिला झाला होता.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांना वाटेल, तीन महिने सराव बुडाला, एवढंच ना? तसं नाही. या रायफलला प्रत्येक नळीप्रमाणे गोळ्यांचा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला साठा, जुळवावा लागतो. कंपनी तीच, डबा तसाच, पण लॉट बदलला की गोळ्यांची जागा बदलते. मी जुळवलेला लॉट रायफल ठाण्यात जायच्या आधीच संपत आला होता. परत आल्यावर नवा लॉट, नवं झिरो (गोळी नेमावर पडेल असा दर्शक पुन्हा लावणं), त्यात दोनशेच्या वर गोळ्या गेल्या. आणि सगळ्यात मोठं नुकसान कोऱ्या सरावाचं. आमचा निम्म्याहून जास्त सराव गोळीशिवायच होतो. रात्री जेवणानंतर खोलीत सतरंजी टाकून, भिंतीवर ठिपका लावून, रिकाम्या रायफलीवर तासभर नुसता घोडा दाबायचा. ते ८६ दिवस मी काठी धरून केलं. काठीला घोडा नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बंदुकीवर नियम असावेत. पण जो माणूस वर्षानुवर्षं रेंजवर उभा आहे, ज्याच्यावर एक गुन्हा नाही, ज्याच्या प्रत्येक काडतुसाची नोंद आहे, त्याला आणि मतदानाच्या दिवशी गावात दहशत करणाऱ्याला एकाच दोरीनं बांधू नका. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. मूळ विधेयकात तर एकच होती, खेळाडूंनी आणि इतरांनी ओरड केली म्हणून दोन राहिल्या. दरवेळी आधी सगळ्यांवर घाव घालायचा आणि मग ओरडणाऱ्याला सूट द्यायची, ही पद्धत मला मान्य नाही.

तुमचे अनुभव लिहा. विरोधात असाल तरी लिहा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

ताई, पहिला प्रतिसाद कोल्हापूरचा. तुमची रेंजवरची बॅग ओळखतो मी, शनिवारी सकाळी तुम्ही बेळगावहून येता. ११० किलोमीटर यायचं, तेवढंच परत. नाद करावा तर असा.

आमच्या जिल्ह्यानं काय दिलंय ते लोकांना आठवण करून द्यावं लागतं. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, भारताची पहिली. राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ४५१.४ गुण आणि कांस्य. त्या दिवशी कोल्हापुरात मिरवणूक निघाली त्यात मी होतो. गंमत बघा, त्या मिरवणुकीत नाचणारे तेच लोक माझ्या खांद्यावर रायफलची पेटी बघून रिक्षात शेजारी बसत नाहीत.

गोळ्यांचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. सामन्यात ६० गोळ्या, वर झिरोसाठी वीसेक. म्हणजे एका दिवसाला ८०. पूर्वी .२२साठी वर्षाला १००० काडतुसांची मर्यादा होती. म्हणजे साडेबारा दिवस! वर्षातले साडेबारा दिवस सराव करून ऑलिम्पिकला जा. फेब्रुवारी २०२०मध्ये ती ५००० झाली, तरी बासष्ट दिवसच होतात. हवेतल्या तबकड्या फोडणाऱ्या बारा बोअरच्या ट्रॅपवाल्यांचं तर ५०० होतं. ट्रॅपची पात्रता फेरीच १२५ तबकड्यांची असते. चार सामन्यांत वर्ष संपलं.

सुभेदार_निवृत्त

मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. सध्या गणेशपूरला असतो. आमच्यातले पुष्कळ जण निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे राहतात, त्यामुळे परवाना, नूतनीकरण, आचारसंहिता हे सगळं मला माहीत आहे. बँकेच्या पहारेकऱ्याला जमा करण्यातून सूट मिळते. पण ते पत्र बँकेनं वेळेवर दिलं तर. नाही दिलं तर दोन महिने पगार नाही.

पोरी, तुझं दुःख कळलं. पण फौजेत शिकलेली एक गोष्ट सांगतो. शस्त्र कोतात, म्हणजे कुलूपबंद शस्त्रखोलीत असतं. कितीही मोठा नेमबाज असो, सराव झाला की साफ करायचं, मोजून द्यायचं, सही करायची. बराकीत उशाशी कुणी ठेवत नाही. खेळाडूंच्या बंदुका घरी कशाला? रेंजवर भक्कम कोत बांधा, दोन कुलपं, दोन माणसांकडे दोन चाव्या. आचारसंहितेत पोलिसांनी त्या कोताला सील ठोकावं नाहीतर पहारा द्यावा. भिंतीला टेकवून ठेवायची वेळ येणार नाही.

टिळकवाडीची_नेमबाज

काका, कोताची कल्पना बारा बोअर आणि सेंटरफायरसारख्या जास्त ताकदीच्या बंदुकांसाठी मला पटते. पण माझी रेंज दुसऱ्या राज्यात आहे. परवाना कर्नाटकाचा, कोत महाराष्ट्रात, आणि आठवड्यातले पाच दिवस मी आणि रायफल यांच्यात ११० किलोमीटर. कोऱ्या सरावाचं काय करू? घरी माझ्याकडे लोखंडी कपाट आहे, भिंतीत बोल्ट मारलेलं. रायफलचा बोल्ट वेगळा काढून दुसऱ्या कुलपात असतो, काडतुसं तिसऱ्यात. रेंजवर असो की घरी, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात नारिंगी दोरी असल्याशिवाय मी ती पेटीबाहेर काढत नाही. ही शिस्त तुमच्याच फौजेतून आमच्या खेळात आलेली आहे.

सीमेवरच्या माणसाचं आणखी एक आहे. लोकसभेला दोन्हीकडे एकदमच आचारसंहिता असते. पण नोव्हेंबर २०२४ला महाराष्ट्रात विधानसभा होती, आमच्याकडे काही नव्हतं. रायफल घरात होती, परवाना हातात होता, पण कोगनोळीच्या नाक्यावर पेटी उघडून अर्धा तास उभी राहिले. तपासणाऱ्या हवालदारांनी वाईट वागणूक दिली नाही, हेही लिहायला हवं. त्यांना .२२ची टार्गेट रायफल याआधी कधी बघायलाच मिळाली नव्हती. ते वरिष्ठांना फोन लावत राहिले आणि माझी सकाळची डिटेल, म्हणजे रेंजवरची पाळी, गेली.

शहापूरचा_डॉक्टर

मी धागाकर्तीच्या विरुद्ध बाजूला आहे. तिच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो.

आत्महत्येचे प्रयत्न झालेले रुग्ण मी तीस वर्षं पाहतोय. आपल्याकडे बहुतेक जण गळफास घेतात नाहीतर कीटकनाशक पितात, बंदूक क्वचित. पण तत्त्व तेच आहे. तो एक तास टळला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. साधन हाताशी आहे की नाही यावर तो तास टळणं अवलंबून असतं. श्रीलंकेनं अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या कमी झाल्या. माणसांची दुःखं तीच राहिली होती, बाटली मात्र हाताशी नव्हती. बंदूक ही त्याहून वाईट बाटली आहे, कारण तिच्यानंतर माझ्याकडे पोचवायला वेळच राहत नाही.

आणि "रेंजवरचा माणूस वेगळा" हे म्हणताना १३ मार्च १९९६चं डनब्लेन आठवा. स्कॉटलंडमधली ती शाळा. सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका. मारणाऱ्याकडे परवाना होता, तो पिस्तूल क्लबातूनच आलेला होता. २०१९ला न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ माणसं मारली गेली, तिथंही मारेकऱ्याजवळ परवाना होता. लाखातला एक असतो हे मान्य. पण तो एक कुठला, हे आधी कुणाला ओळखता येत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

डॉक्टर, डनब्लेननंतर काय झालं तेही पुरं सांगा की. ब्रिटननं १९९७ला पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी घातली. त्यांचे पिस्तूल नेमबाज सरावाला परदेशी जायला लागले. २००२ला मँचेस्टरला राष्ट्रकुल आणि २०१२ला लंडनला ऑलिम्पिक भरवलं तेव्हा स्वतःच्याच कायद्यातून खास सवलत काढावी लागली. आपल्याच देशात खेळाला परकं करून टाकलं.

आणि आपल्याकडचं बघा. आमच्या गावात २०१५च्या फेब्रुवारीत पानसरे अण्णांना सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. धारवाडला त्याच वर्षी कलबुर्गी सर. तपासात नाव आलं ते देशी बनावटीच्या ७.६५च्या पिस्तुलांचं. ती कुणी कुठल्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज करून घेतलेली नव्हती. ज्याला मारायचंय तो परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. रांगेत आमच्या ताई उभ्या राहतात.

शहापूरचा_डॉक्टर

गावठी पिस्तुलांवर कारवाई हवी, हजार वेळा हवी. पण एका दाराला कुलूप नाही म्हणून दुसरंही उघडं ठेवा, असा युक्तिवाद मला मान्य नाही. ब्रिटनच्या नेमबाजांची गैरसोय झाली हे खरं. त्या सोळा घरांपुढे मी ती गैरसोय ठेवू शकत नाही.

अनगोळची_शिक्षिका

हा धागा तीन वेळा उघडला आणि बंद केला. आज लिहितेय.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा वरातीत गेला होता. एका मोठ्या घरच्या लग्नात हवेत बार काढला. बंदूक परवान्याची होती. काढणाऱ्याला काढायला येत नव्हतं, नळी खाली आली. मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

२०१९च्या दुरुस्तीत असा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद झाली. तेव्हा तुम्ही सगळे तीनच्या दोन झाल्या म्हणून ओरडत होता. माझी बहीण मात्र तो कायदा झाला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, कुणीतरी ऐकलं.

टिळकवाडीची_नेमबाज

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

हवेत बार काढणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी आणि कायमचा जावा, असं माझं मत आहे. कैद वेगळी. आमच्या रेंजवर नळी समोरच्या निशाणाव्यतिरिक्त कुठंही वळली की रेंज ऑफिसर सामन्यातून बाहेर काढतो, मग बंदूक रिकामी असली तरी. बारा-तेरा वर्षांची पोरं हे पहिल्या दिवशी शिकतात. २०१६च्या शस्त्र नियमांत परवाना घेणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घातलंय. पण ते घेतलं कसं जातं, हे मी पाहिलंय. एका ठिकाणी माझ्यापुढच्या माणसाला बंदूक हातात न देताच प्रमाणपत्र मिळालं. तुमच्या भाच्याला वाचवू शकला असता तो नियम हा होता. तो कागदावर राहिला, आणि माझी रायफल मात्र ८६ दिवस भिंतीला टेकून राहिली. माझा राग यावर आहे. नियम जिथं हवा तिथं ढिला आहे आणि जिथं गरज नाही तिथं करकचून आवळलेला.

खानापूरचा_रताळीवाला

मी शेतकरी. जांबोटी भागातला. आमच्या घरात आज्याच्या काळातली ठासणीची बंदूक हाय, परवान्याची. कधी जनावर मारलेलं नाही. नुसता बार काढायचा, आवाजानं डुकरं पळतात.

डिसेंबर २०२०ला ग्रामपंचायत लागली. रताळी काढायचा तोच टाइम. बंदूक जमा. ताई, तुमच्या बोल्टला गंज लागला, माझी दीड एकर रताळी डुकरांनी तीन रात्रीत उकरून काढली. नांगर धरल्यासारखी. सकाळी गेलो तर मधी फक्त वेल. फटाके लावले, डबे बडवले, दोन रात्री पळाली, तिसऱ्या रात्री उभी राहून बघत बसली.

तुम्ही खेळाडू मंडळी मागता ते स्वतःपुरतं मागता. "आम्ही वेगळे, आम्हाला सोडा." म्हणजे आम्ही कोण? कोडगूच्या लोकांना परवानाच लागत नाही, जमीन आणि जातीच्या हक्कानं. २०१९ला केंद्रानं ती सूट दहा वर्षं वाढवली, हायकोर्टानं २०२१ला कायम ठेवली. त्यांचं त्यांना लखलाभ, पण एकाच राज्यात राहून आमच्या वाट्याला काय? भीमगड अभयारण्य २०११ला झालं, तेव्हापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना पाहिजे तर वनखात्याच्या वरच्या साहेबाची संमती लागते. माझ्या पोराला नेमबाजी शिकायची हौस हाय. बेळगावातल्या पोराला रायफलचा परवाना निघेल, माझ्या पोराला जंगलाच्या बाजूला जन्मला म्हणून दुसरी रांग.

निपाणीचा_वकील

बराच कायदा अर्धवट फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खानापूरकरांचं बरोबर आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या ३४व्या कलमात दहा किलोमीटरची अट आहे. ती शिकारी रोखण्यासाठी आहे, रायफल क्लबातल्या पोरासाठी नव्हे. पण कलम भेद करत नाही. संमती मागता येते. अर्जासोबत क्लबाचं सदस्यत्व, सामन्यांचे निकाल आणि बंदूक कुठं ठेवणार ते लावा.

आता निवडणूक. आयोगाच्या सूचना सरसकट जमा करा अशा नाहीत. जिल्हा पातळीवर छाननी समिती बसते, तिनं एकेक परवाना पाहायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, खास करून निवडणुकीच्या काळात, अशांवर मुख्य रोख आहे. मुंबई उच्च न्यायालयानंही विचार न करता सगळ्यांची शस्त्रं उचलण्याला हरकत घेतलेली आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना आयोगाच्या सूचनांतच मोकळीक आहे. धागाकर्तीला जो फोन आला तो कायद्यानं आलेला नव्हता, सवयीनं आलेला होता. यादीवर बोट ठेवून सगळ्यांना फोन करणं ठाण्याला सोपं जातं. आणि आपण लेखी मागत नाही. फोन आला की नेऊन देतो.

तेव्हा फोनवर जमा करू नका असं नाही, पोलिसांशी वाद घालायचा नाही. जमा करताना आदेशाची प्रत मागा. पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या, "गंज नाही, दर्शक सुस्थितीत". परवानाधारक विक्रेत्याकडेही जमा करता येते, तिथं निदान कपाट असतं. आणि मुख्य म्हणजे निवडणूक जाहीर होण्याच्या आधी अर्ज द्या. नंतर दिलेला अर्ज मतमोजणी होईपर्यंत ढिगात राहतो.

परवाना नाकारला तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे कारण लेखी नोंदवावं लागतं, अपील करता येतं. २०१६च्या नियमांत पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस अशी मुदत आहे. ही मुदत मोजणारा अर्जदार मला वीस वर्षांत दोनदा भेटला.

हिंडलग्याची_आई

मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वप्नीलचा सामना टीव्हीवर बघून १० मीटर एअर रायफल सुरू केली. तीही निवडणुकीत जमा करायची का? शेजारणीनं घाबरवून ठेवलंय.

निपाणीचा_वकील

ताई, नाही. ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या आतली असेल तर परवानाच लागत नाही. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत पेटीत ठेवा, रस्त्यात उघडी नेऊ नका.

नंदगडचा_वाचक

आपल्या भागात या विषयाला जुना घाव आहे. १८५७ला इंग्रजांनी शस्त्रं जमा करायचा हुकूम काढला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडर जमातीनं हत्यारं द्यायला नकार दिला. गाव जाळलं, माणसं फासावर गेली. कन्नड लावणीत ते अजून गायलं जातं. मग १८७८चा शस्त्र कायदा आला, हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनांना सूट. म्हणूनच १९२८च्या नेहरू अहवालात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. १९४८ला घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली नाही. म्हणजे आपल्याकडे हा हक्क नाही, परवानगी आहे. पण परवानगी देणाऱ्यानं रयतेकडे संशयानं बघायचं, ही सवय १८७८ची आहे आणि ती गेलेली नाही.

शहापूरचा_डॉक्टर

आंबेडकरांनी स्वीकारली नाही यातच माझं उत्तर आहे. ज्यांच्या वस्त्या जाळल्या जातात त्यांच्या हातात बंदूक येत नाही, जाळणाऱ्यांच्या हातात आधी येते. परवाना कुणाला मिळतो ते आपल्या तालुक्यात नजर टाकून बघा. किती भूमिहीनांकडे आहे?

मात्र वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून एक मान्य करतो. एकेक माणूस पाहून निर्णय करा, हे मलाही हवंय. त्यात माणसाची मानसिक स्थितीही दर नूतनीकरणाला नीट तपासली जावी. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, म्हणजे पाच वर्षांत एकदाच कुणीतरी विचारणार. पाच वर्षांत माणूस किती बदलतो ते मी रोज पाहतो.

टिळकवाडीची_नेमबाज

डॉक्टर, दरवर्षी तपासा. मी येईन. आमच्या खेळात मनाचा तोल हाच गुण आहे, नाडीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा दाबायचा असतो. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला प्रशिक्षक सर्वांत आधी ओळखतो, आणि आज प्रशिक्षकाला ते कळवायची कुठलीही वाट नाही. क्लबानं वर्षातून एकदा प्रत्येक सदस्याची हजेरी आणि वर्तन लेखी कळवावं, खोटं कळवलं तर क्लबाची मान्यता जावी. हे बंधन मी आनंदानं घेईन.

खानापूरकर दादा, तुम्ही मला जे बोललात ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी मुळात लिहिताना "खेळाडूला सोडा" एवढंच डोक्यात होतं. माझ्या रायफलीशेजारी ठाण्यात ज्या दोन दुनळी उभ्या होत्या, त्या कुणाच्या हे मी विचारलंही नाही. एखाद्या पहारेकऱ्याची असेल, एखाद्या शेतकऱ्याची. त्यांच्यावर तरी कुठला गुन्हा होता? छाननी एकेकाची व्हायची असेल तर ती तुमच्या ठासणीचीही व्हायला हवी. आता अर्ज करीन तर तुमचा आणि माझा एकत्र.

सुभेदार_निवृत्त

पोरी, कोताचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पण बोल्ट वेगळा, काडतूस वेगळं, हे वाचून बरं वाटलं. अर्जात ते लिही. कपाटाचे फोटो लाव. आमच्या तीन पहारेकऱ्यांचे कागद मी आणून देतो, त्यांनाही बँकेच्या पत्रासाठी दरवेळी नाक घासायला लागतं.

अनगोळची_शिक्षिका

अर्जात प्रशिक्षणाचंही घाला. बंदूक हातात न देता प्रमाणपत्र मिळतं ते. ते घातलं तर मी सही करीन.

टिळकवाडीची_नेमबाज

घालते, ताई. ते पहिल्याच परिच्छेदात घालते.

निपाणीचा_वकील

मसुदा मी करतो. मराठीत आधी, मग कन्नडात. कार्यालयात कन्नड प्रत लागेल, आणि ती नीट हवी, म्हणून माझ्या कन्नड सहकाऱ्याकडून वाचून घेईन. प्रत्येकानं परवान्याची झेरॉक्स, परवान्यावरचा यूआयएन हा ओळख क्रमांक दिसेल अशी, आणि मागच्या निवडणुकीतली जमा पावती आणावी. पावती नसेल तर जमा केल्याची आणि परत मिळाल्याची तारीख तरी.

खानापूरचा_रताळीवाला

पावती हाय. ११ डिसेंबर ते ४ जानेवारी. रताळ्याच्या पिशवीत ठेवली होती, उंदरानं कोपरा खाल्लाय पण शिक्का दिसतोय. रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला येतो. पोरग्यालाही आणू काय? त्याला ती रायफल एकदा लांबून तरी बघायची हाय.

टिळकवाडीची_नेमबाज

आणा दादा. रायफल निपाणीला आणता येणार नाही, ती फक्त रेंजवर जाते. पण शनिवारी सात वाजता टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटजवळ त्याला सोडा, कोल्हापूरला घेऊन जाते. कानाला लावायचं माझ्याकडे एक जास्तीचं आहे. वकीलसाहेबांकडे रविवारी आपण सगळे भेटूच.